राष्ट्रीय ओळख-क्रमांकांची रचना आणि त्यांतून होणारे प्रकटीकरण : मराठवाड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

ओळख-क्रमांक हा सामान्यतः वाचनाचा विषय मानला जात नाही. तो अर्जात भरावयाचा, कारकुनाने पडताळावयाचा आणि पाकिटात ठेवावयाचा असतो. तथापि कोणत्याही लिखित रचनेप्रमाणे क्रमांकालाही घटक असतात, त्या घटकांचा एक क्रम असतो आणि त्या क्रमामागे रचनाकाराची एक दृष्टी असते. कोणती माहिती क्रमांकात घ्यावी आणि कोणती वगळावी हा निर्णय वरकरणी तांत्रिक भासला, तरी राज्यसंस्था नागरिकाकडे कसे पाहते याची साक्ष त्यातून मिळते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने पॅन, मतदार ओळखपत्र व आधार या भारतीय क्रमांकांची रचना तपासली असून काही परदेशी क्रमांक तुलनेसाठी घेतले आहेत.

विवेचनासाठी नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद व एकूण मराठवाडा हा प्रदेश निवडण्यास कारण आहे. धर्माबाद हे रेल्वेने सिकंदराबादकडे जाताना महाराष्ट्राच्या टोकावरचे गाव. पुढचे बासर तेलंगणात येते. येथे १९४५ साली जन्मलेली व्यक्ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात जन्मली, १९४८ नंतर भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्यात आली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात गेली आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राची रहिवासी झाली. घराचा उंबरठा तोच राहिला आणि राज्ये बदलत गेली. तालुकाही पूर्वी बिलोली होता. अशा प्रदेशात माणसाचे ठिकाण, वय किंवा नाव यांवर बेतलेला क्रमांक किती काळ खरा राहील, हा प्रश्न इतरत्र वाटतो त्याहून अधिक टोकदार होतो.

बोलके क्रमांक

रचनेच्या दृष्टीने ओळख-क्रमांकांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील क्रमांक आपल्या धारकाविषयी काही सांगतात. त्यांना येथे ‘बोलके’ म्हटले आहे. दुसऱ्या वर्गातील क्रमांक काहीही सांगत नाहीत, केवळ एकाला दुसऱ्यापासून वेगळे करतात. ते ‘मुके’ होत.

बोलक्या क्रमांकाचे सर्वांत निरुपद्रवी उदाहरण पिनकोडचे आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृत कवी म्हणूनही ज्ञात आहेत, ही पद्धती सिद्ध केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती अमलात आली. धर्माबादचा ४३१८०९ हा पिन चारपासून सुरू होतो, बासरचा ५०४१०१ पाचपासून. अवघ्या काही किलोमीटरवर टपालखात्याचे जग बदलते. परंतु हा क्रमांक गावाचा आहे, माणसाचा नाही. गावाने आपले ठिकाण सांगण्यात कोणाचीही हानी नाही.

वाहनांच्या क्रमांकात प्रश्न थोडा गुंतागुंतीचा होतो. एमएच-२६ म्हणजे नांदेड, एमएच-२४ म्हणजे लातूर हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. सीमेपलीकडील निजामाबादचे जुने वाहन एपी-२५ आहे, २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाल्यावर घेतलेले टीएस-१६ आहे आणि २०२४ पासून नव्या वाहनांवर टीजी ही अक्षरे आली आहेत. धर्माबादच्या बाजारात ही तिन्ही वाहने एकमेकांशेजारी उभी दिसू शकतात. मालक एकाच जिल्ह्यातले, परंतु त्यांच्या क्रमांकांत एका राज्याचे विभाजन आणि एका सरकारचा नामबदल नोंदला गेला आहे. बोलका क्रमांक जे सांगतो ते तो दिला गेला त्या क्षणाचे असते. पुढे वास्तव बदलते, क्रमांक मात्र जुनेच सांगत राहतो.

रोजगार हमीच्या जॉबकार्डाचा क्रमांकही याच जातीचा. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, गाव आणि तिरप्या रेघेनंतर कुटुंबाचा अनुक्रम अशी त्याची उतरण असते. तो एका अर्थी अंकांत लिहिलेला पत्ता आहे. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबाला या पत्त्याचा गावाबाहेर काही उपयोग नसतो.

शाळांचा यू-डायस क्रमांकही असाच आहे. त्यातील २७ हे महाराष्ट्राचे आणि त्यापुढील १५ हे नांदेडचे अंक २००१ च्या जनगणनेच्या जिल्हाक्रमातून आले. त्या क्रमात ०१ हा अंक नंदुरबारला मिळाला होता. आधारचा पहिला क्रमांकही पुढे त्याच जिल्ह्यात दिला गेला, हा अर्थात योगायोग होय.

मतदार ओळखपत्राची पद्धत टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९९३ मध्ये सुरू झाली. त्याच्या क्रमांकात तीन अक्षरे व सात अंक असतात आणि अक्षरांची मालिका मतदारसंघनिहाय वाटून दिली जात असे. वाटप विकेंद्रित असल्याने वेगवेगळ्या राज्यांत तीच मालिका वापरली गेली आणि दोन भिन्न मतदारांना एकच क्रमांक मिळाल्याची उदाहरणे पुढे आली. निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये हे मान्य केले व अशा मतदारांना नवा, एकमेव क्रमांक देण्याचे जाहीर केले. क्रमांकाला ठिकाणाशी बांधले की क्रमांक देणारे हातही ठिकठिकाणचे होतात आणि एकमेवतेची हमी सैल पडते. त्यात २००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघांच्या सीमा बदलल्या. त्यापूर्वी कार्ड मिळालेल्या मतदाराची अक्षरे पूर्वीच्या मतदारसंघाची साक्ष देत राहिली, एवढाच काय तो त्यांचा अर्थ उरला.

पॅन : चौथे आणि पाचवे अक्षर

पॅनच्या रचनेकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण तो बोलका आहे हे बहुतेक धारकांना ठाऊकच नसते. दहा स्थानांपैकी पहिली तीन अक्षरे केवळ मालिकेची असतात. चौथे अक्षर धारकाचा वर्ग सांगते : पी म्हणजे व्यक्ती, सी म्हणजे कंपनी, एफ म्हणजे भागीदारी संस्था, टी म्हणजे न्यास, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. पाचवे अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचे आद्याक्षर असते. त्यानंतर चार अंक आणि शेवटी पडताळणीचे एक अक्षर येते.

चौथ्या स्थानावरील एच हे अक्षर विशेष लक्ष वेधून घेते. भारतीय क्रमांकांत धर्माची नोंद नसते असे सर्रास सांगितले जाते. परंतु या एका अक्षरातून धारक कुटुंब हिंदू व्यक्तिगत कायद्याच्या कक्षेत येते हे उघड होते, आणि त्या कक्षेत जैन, शीख व बौद्ध कुटुंबेही धरली जातात. हजूर साहिबच्या नांदेडमध्ये आणि धर्मांतरानंतरच्या बौद्ध समाजाची मोठी वस्ती असलेल्या मराठवाड्यात ही बाब किरकोळ मानता येत नाही. करसवलतीसाठी घेतलेल्या क्रमांकात श्रद्धेचे नव्हे, तर कायद्याने ठरविलेल्या वर्गाचे अक्षर उमटते. धारकाने स्वतःला काय मानावे हा प्रश्न क्रमांकाला पडत नाही.

पाचव्या अक्षराची कथा अधिक घरगुती आहे. विवाहानंतर स्त्रीने आडनाव बदलले तर पॅनकार्डावरील नाव बदलून मिळते, क्रमांक मात्र आयुष्यभर तोच राहतो. परिणामी विवाहापूर्वी पॅन घेतलेल्या व नंतर आडनाव बदललेल्या स्त्रीच्या कार्डावर नाव सासरचे आणि पाचवे अक्षर माहेरचे असते. प्राप्तिकर खात्याला अशी कोणतीही स्मरणिका जपावयाची नव्हती. परंतु मराठी कुटुंबव्यवस्थेत जे आडनाव निमंत्रणपत्रिकेपासून शिधापत्रिकेपर्यंत सर्वत्र पुसले जाते, ते एका अक्षराच्या रूपाने करव्यवस्थेत टिकून राहते, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. त्याचबरोबर नाव आणि अक्षर जुळत नाही हे पाहणाऱ्याला त्या स्त्रीचा विवाह झाला असावा, असा तर्क कार्डावरूनच करता येतो. पुरुषाच्या कार्डावरून असा तर्क निघत नाही. एकाच नियमाने बनवलेला क्रमांक स्त्रीविषयी अधिक बोलतो.

सीमाभागातील तेलुगू भाषक कुटुंबांत घराण्याचे नाव आधी व व्यक्तीचे नाव नंतर लिहिण्याची रीत आहे. अर्जातील आडनावाच्या चौकटीत अर्ज भरून देणाऱ्याने जे लिहिले त्याचे अक्षर पाचव्या स्थानी बसले. त्यामुळे सख्ख्या भावांची पाचवी अक्षरे निराळी असणे येथे अशक्य नाही.

हा क्रमांक गोपनीय ठेवावा असा सल्ला दिला जातो. परंतु १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करातील नोंदणी क्रमांकाची रचना पाहिली असता त्या सल्ल्याचा अर्थ उरत नाही. पंधरा स्थानांच्या या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्रासाठी २७, तेलंगणासाठी ३६) आणि त्यापुढील दहा स्थाने म्हणजे साक्षात व्यापाऱ्याचा पॅन असतो. धर्माबादच्या बाजारात नोंदणीकृत दुकानाची पावती हाती घेतली, तर तिच्या माथ्यावर मालकाचा पॅन छापलेला असतो. चौथे अक्षर पी असेल तर दुकान एका व्यक्तीच्या मालकीचे आहे, एफ असेल तर भागीदारीचे. बोलक्या क्रमांकांना एकमेकांच्या पोटात ठेवण्याचा हा परिणाम होय.

जन्मतारखेचा प्रश्न

जगातील अनेक राष्ट्रीय क्रमांकांचा पाया जन्मतारीख हा आहे. स्वीडनने १९४७ मध्ये सुरू केलेल्या क्रमांकात आधी जन्माचे वर्ष, महिना व दिवस, नंतर तीन अंकी अनुक्रम आणि शेवटी पडताळणीचा अंक येतो. अनुक्रमाचा अखेरचा अंक पुरुषांसाठी विषम, स्त्रियांसाठी सम असतो. चीनच्या अठरा स्थानांच्या क्रमांकात प्रथम नोंदणीच्या परगण्याचे सहा अंक व त्यानंतर आठ अंकी जन्मतारीख असते. अशा रचनेची सोय स्पष्ट आहे : क्रमांक लक्षात ठेवणे सोपे जाते आणि कार्यालयाला वय निराळे विचारावे लागत नाही.

ही रचना एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे प्रत्येकाची जन्मतारीख ठाऊक आहे आणि ती खरी आहे. मराठवाड्याच्या संदर्भात हे गृहीतक टिकत नाही. येथील जुन्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेल्यांची संख्या किती मोठी आहे हे महाविद्यालयांच्या सेवापुस्तिका पाहणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. जूनमध्ये शाळा भरत, गुरुजी मुलाला समोर उभे करून वय अदमासत आणि प्रवेशासाठी सोयीची तारीख रजिस्टरमध्ये लिहीत. १ जूनला जन्मलेला शासकीय कर्मचारी नियमानुसार ३१ मे रोजी निवृत्त होतो. त्यामुळे दरवर्षी त्या एका दिवशी महाराष्ट्रातील कार्यालयांत निरोपसमारंभांची दाटी होते. त्या तारखेला एवढ्या मुलांचा जन्म झाला नव्हता, एवढ्यांचा शाळाप्रवेश झाला होता.

त्यात हैदराबाद संस्थानाच्या कारभारात फसली सन वापरात होता. इसवी सन आणि तेथील फसली सन यांत सुमारे ५९० वर्षांचे अंतर असून वर्षारंभही निराळा होता; फसली १३५७ हे वर्ष १९४७-४८ मध्ये पडते. उर्दूत, फसलीत केलेली नोंद पुढे इसवीत उतरवताना एका वर्षाचा फरक पडणे सहजशक्य होते. ज्यांच्याकडे नोंदच नव्हती त्यांच्यासाठी पोलीस ॲक्शनच्या आधी की नंतर, दुष्काळाच्या साली की पुढच्या, हाच जन्माचा दाखला होता. १९७२ च्या दुष्काळाने तर एका संपूर्ण पिढीला वय मोजण्याची खूण पुरवली.

स्वीडनमध्ये हा प्रश्न प्रत्यक्षात उद्भवला. नेमकी जन्मतारीख ठाऊक नसलेल्या अनेक स्थलांतरितांची नोंद १ जानेवारी किंवा १ जुलै अशी झाली, त्या तारखांचे उपलब्ध अनुक्रम संपले आणि काहींना जवळची दुसरीच तारीख क्रमांकात घ्यावी लागली. म्हणजे क्रमांकाची जागा अपुरी पडली म्हणून माणसाचा वाढदिवस हलवला गेला. तीन अंकी अनुक्रमात एका तारखेला हजाराच्या आतच माणसे मावतात. १ जूनचा महाराष्ट्र त्या रचनेत मावला असता असे वाटत नाही. मावला असता तरी गुरुजींचा अदमास हा त्या माणसाच्या क्रमांकाचा कायमचा भाग झाला असता आणि तारीख दुरुस्त करणे म्हणजे माणूसच बदलणे ठरले असते.

वर्ग आणि वंश

क्रमांकात काय लिहावे हा प्रश्न जीवघेणा कसा ठरू शकतो, याची उदाहरणे विसाव्या शतकात आहेत. फ्रान्समध्ये रेने कार्मिय यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार केलेल्या क्रमांकाचा पहिला अंक लिंगदर्शक होता : पुरुषास १, स्त्रीस २. फ्रान्सच्या ताब्यातील अल्जीरियात याच स्थानाचा विस्तार करण्यात आला. फ्रेंच नागरिकांना १ व २, ज्यूखेरीज स्थानिकांना ३ व ४, स्थानिक ज्यूंना ५ व ६, परकीयांना ७ व ८ असे अंक ठरविले गेले. जागा एकाच अंकाची होती, परंतु त्या एका अंकाने माणसांची प्रतवारी केली. कार्मिय स्वतः नाझीविरोधी प्रतिकारात होते. १९४४ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४५ च्या जानेवारीत डाखाऊच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. रचना मात्र रचनाकाराच्या हेतूची वाट पाहत नाही.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण भारतीय वाचकाला अधिक जवळचे आहे. तेथे १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाचा वंशगट ठरविला जाई आणि पुढे ओळख-क्रमांकाच्या अखेरच्या भागात त्या गटाचा अंक येऊ लागला. भारतीय वंशीयांसाठी निराळा अंक होता. १९८६ मध्ये कायदा बदलून हा अंक काढून टाकण्यात आला. त्याच भूमीवर ट्रान्सवालमधील आशियाई नोंदणीविरुद्ध गांधीजींच्या नेतृत्वाखाली १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात नोंदणी-दाखल्यांची होळी झाली होती. ओळखपत्राच्या राजकारणाचा भारतीयांना झालेला परिचय एवढा जुना आहे.

अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा क्रमांकाने दुसराच धडा दिला. १९३६ पासून दिल्या जाणाऱ्या या नऊ अंकी क्रमांकाचे पहिले तीन अंक तो कोणत्या राज्यातून मिळाला हे सांगत. त्या काळात तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या क्रमांकांतही त्यांनी प्रथम कोठे बिऱ्हाड केले याची खूण आहे. ही खूण निर्दोष वाटली तरी २००९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील अॅक्विस्टी व ग्रॉस या संशोधकांनी जन्मतारीख व जन्माचे राज्य एवढ्यावरून अनेकांचे क्रमांक अदमासाने काढता येतात हे दाखवून दिले. २५ जून २०११ पासून तेथील क्रमांक यादृच्छिक पद्धतीने दिले जाऊ लागले. दक्षिण कोरियानेही ऑक्टोबर २०२० पासून आपल्या तेरा अंकी क्रमांकातील प्रदेशदर्शक अंक नव्या क्रमांकांतून वगळले. जन्मतारीख मात्र तेथे कायम आहे.

आधार : मुका क्रमांक

या पार्श्वभूमीवर आधारची रचना तपासली असता तिचे वेगळेपण ध्यानात येते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले क्रमांक देण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या वेळी उपस्थित होते. आजवर १३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले आहेत. बारा अंकांपैकी अकरा यादृच्छिक आणि बारावा पडताळणीचा आहे. पहिला अंक ० किंवा १ नसतो. म्हणजे ८ हजार कोटी क्रमांकांची सोय या रचनेत आहे आणि एकाचा क्रमांक त्याच्या मृत्यूनंतरही दुसऱ्याला द्यावा लागत नाही.

बारावा अंक डच गणिती यकोबस व्हेरहूफ यांच्या १९६९ च्या पद्धतीने काढला जातो. पंचकोन फिरवण्याच्या व उलटवण्याच्या दहा प्रकारांच्या गणितावर ही पद्धत उभी आहे. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले, तर ती चूक या पद्धतीत निश्चितपणे पकडली जाते. क्रमांकात अर्थ काही असेल तर तो एवढाच. तो धारकाविषयी काही सांगत नाही, क्रमांक नीट उतरवला गेला की नाही तेवढे सांगतो.

हे मौन अपघाती नाही. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ४ मध्ये क्रमांक यादृच्छिक असेल आणि धारकाच्या गुणविशेषांशी वा ओळखीशी त्याचा संबंध नसेल असे स्पष्ट म्हटले आहे. नोंदणीत घ्यावयाच्या माहितीतून वंश, धर्म, जात, जमात, भाषा, उत्पन्न व आरोग्याचा इतिहास कायद्यानेच वगळला आहे. कलम ९ नुसार हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. क्रमांकरचनेचा विचार करता ही तरतूद कौतुकास पात्र आहे. सासरचे-माहेरचे, तेलंगणातले-महाराष्ट्रातले, १ जूनचे आणि खऱ्या तारखेचे, सर्वांचे क्रमांक दिसायला सारखे. २०१८ मध्ये धर्माबाद तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी तेलंगणात समाविष्ट करण्याची मागणी केली होती. ती मान्य झाली असती तर त्या गावांचे पिनखेरीज वाहनांचे, जॉबकार्डांचे, शाळांचे असे सर्व क्रमांक कालांतराने बदलावे लागले असते. आधारचे क्रमांक तसेच राहिले असते.

मौनाची मर्यादा

परंतु क्रमांक मुका आहे यावरून धारक सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आधारच्या समर्थकांचा बराचसा युक्तिवाद येथेच थांबतो, आणि विरोधकांचा ‘माणसाचा आकडा केला’ हा आक्षेपही मूळ मुद्द्याला भिडत नाही. बोलका क्रमांक थोडे सांगतो आणि जुना होतो. मुका क्रमांक स्वतः काही सांगत नाही, जुना होत नाही आणि बदलतही नाही. नेमक्या याच गुणांमुळे तो भिन्न नोंदवह्यांना जोडण्याची उत्तम किल्ली ठरतो. शिधापत्रिका, बँकखाते, जॉबकार्ड, पॅन यांच्या नोंदींपुढे तोच बारा अंकी क्रमांक लिहिला गेला की या सर्व नोंदी एका माणसाभोवती गोळा करता येतात. जे क्रमांकात लिहिलेले नाही ते त्याच्या शेजारच्या रकान्यांत असते.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी बहुमताने हा कायदा बहुतांशी वैध ठरविला व खाजगी संस्थांना दिलेली मुभा रद्द केली. त्या निकालातील न्या. धनंजय चंद्रचूड यांचे भिन्नमत याच मुद्द्याकडे लक्ष वेधते : वेगवेगळ्या ठिकाणी अलग असलेल्या माहितीसाठ्यांत हा क्रमांक पेरला गेला की तो त्यांच्यामधील पूल बनतो. सोळा अंकी तात्पुरता क्रमांक किंवा केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे कार्ड असे उपाय २०१८ पासून उपलब्ध आहेत. तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्स दुकानात कार्डाची पूर्ण प्रत काढून ती अर्जाला जोडण्याच्या रिवाजात त्यांचा वापर अभावानेच होतो, हा भाग वेगळा.

शिवाय कार्ड हाती घेतले तर क्रमांकाच्या वरच नाव, जन्मतारीख आणि पत्ता छापलेला असतो. मराठी नावात तीन पदे असतात आणि आडनावावरून गाव किंवा जात ओळखण्याची सवय समाजाला आहे. कायद्याने जात विचारली नाही, आडनावाने न विचारता सांगितली. शिधापत्रिकेच्या बाबतीत तर क्रमांक वाचण्याचीही आवश्यकता नव्हती. १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळा, केशरी व पांढरा असे तीन रंग आले आणि दुकानासमोरच्या रांगेत कोणाच्या हाती कोणता रंग आहे यावरून त्याची आर्थिक स्थिती दुरूनच दिसू लागली.

जन्मतारखेबाबतही तीच गत झाली आहे. क्रमांकात तारीख नाही म्हणून मराठवाड्याच्या माणसाची जी सुटका झाली, ती कार्डावरील छापील तारखेने बरीचशी परत घेतली. ही तारीख सामान्यतः एकदाच दुरुस्त करता येते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात आधारवरील तारखेपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख वय ठरवण्यासाठी ग्राह्य मानली. आधार हा वयाचा पुरावा नव्हे, ही भूमिका कायदेशीरदृष्ट्या योग्यच आहे. मात्र येथील जुन्या पिढीपुरते बोलावयाचे तर शाळेचा दाखला म्हणजे पुन्हा तेच गुरुजी आणि तीच १ जून. वृद्धापकाळाच्या योजनेसाठी अर्ज करणाऱ्या निरक्षर शेतमजूर स्त्रीकडे तर हा दाखलाही नसतो. तिच्या कार्डावरील तारीख नोंदणीच्या वेळी चालकाने अदमासाने भरलेली असू शकते. साठ की पासष्ट यावर तिचे मासिक अनुदान अवलंबून असते.

जातीच्या बाबतीत तर मौन नागरिकाच्या हिताचे असतेच असे नाही, हे मराठवाड्याने अलीकडे दाखवून दिले. मराठा समाजाच्या मागणीनंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली २०२३ मध्ये समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना मागणी आली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींना या प्रक्रियेत स्थान मिळाले. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, ज्या प्रदेशात प्रत्येकाच्या खिशात जात न सांगणारा क्रमांक आहे, त्याच प्रदेशातील माणूस पणजोबाच्या नावापुढील एका शब्दासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात उभा आहे. आगामी जनगणनेत जातनिहाय गणना करण्याचा निर्णयही २०२५ मध्येच झाला. क्रमांकाने जे वगळले ते दुसऱ्या नोंदवहीत मागितले जाते, कधी शासनाकडून, कधी नागरिकाकडून.

जमिनीला दिल्या जाणाऱ्या चौदा स्थानांच्या क्रमांकाची, ज्याला भू-आधार म्हटले जाते, रचना याच्या नेमकी उलट आहे. ती अक्षांश-रेखांशांवर आधारलेली असल्याने शेताचा क्रमांक शेत कोठे आहे ते सांगतो. शेताच्या बाबतीत हे स्वाभाविक आहे. परंतु शेतकरी ओळख क्रमांकाच्या योजनेत शेताची नोंद आणि मालकाचा आधार एकत्र येतात, तेव्हा बोलका आणि मुका असे दोन क्रमांक शेजारी बसतात. आधार स्वतः ठिकाण सांगत नसला तरी त्या नोंदीत तो गोदाकाठच्या एका निश्चित तुकड्याशी जोडला जातो.

नावाच्या रचनेत मात्र एक बदल झाला आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलामुलींच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव हा क्रम अनिवार्य करण्यात आला. पूर्वीच्या तीन पदांत आईला जागा नव्हती. या पिढीच्या आधार क्रमांकात आईचाही संबंध येणार नाही आणि वडिलांचाही. ती सज्ञान होऊन पॅन घेईल तेव्हा, आजची रचना कायम राहिल्यास, पाचवे अक्षर आडनावाचेच असेल.